चार टायर, दहा माणसं

शुक्रवार, १८ डिसेंबर २००९

आज माझी नाचक्की झाली, आणि तीही स्वतःच्या दारात.

रात्री चार इंच बर्फ पडला. सकाळी मोठ्या दिमाखात माझी स्पोर्ट्स कार, एम थ्री, सुरू केली. तीनशे त्रेचाळीस घोडे, सगळेच्या सगळे मागच्या दोन चाकांना जुंपलेले. पहिला गियर टाकून क्लच सोडला, तर मागची चाकं जागच्या जागी गरागरा फिरायला लागली. आमच्या ड्राइव्हला रस्त्याकडे जेमतेम दोन हात चढ आहे, तोही चढेना. उलट गाडीचा मागचा भाग हळूच डावीकडे सरकला आणि माझ्या बायकोच्या, डेबोराच्या गुलाबांत जाऊन बसला. तेवढ्यात समोरच्या मिसेस कॉलिन्स (वय एक्क्याऐंशी) आपल्या डबीएवढ्या गाडीतून हात हलवत निघून गेल्या.

इथनला फोन केला. मुलगा म्हणून सहानुभूती दाखवेल असं वाटलं होतं. "डॅड, तुझा गाडी समरचा आहे," म्हणाला आणि हसला. अठ्ठावीस वर्षांचा झाला तरी गाडी बाई की बुवा हे त्याला कळत नाही.

एकतीस वर्षं मी स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमध्ये क्वालिटी कंट्रोलला काढली. पाकिटात बारा म्हणजे बाराच. मार्चमध्ये रिटायर झालो आणि आयुष्यात पहिल्यांदा अक्कल गहाण टाकून ही लाल गाडी घेतली. सेकंडहँड आहे, पण काय आवाज आहे! डेबोरा म्हणाली, "या वयात लोक जपमाळ ओढतात नाहीतर कुत्रा पाळतात." बायको बोलणारच. ही वही मी मराठीत लिहितो, कारण घरात दुसऱ्या कोणाला ती वाचता येत नाही. डेबोरा मराठी फाडफाड बोलते, पण देवनागरी दिसली की चष्मा शोधायला जाते आणि परत येत नाही.

गाडीची थट्टा ठीक आहे. पण सहा जानेवारीला आईचं वर्ष आहे. त्या दिवशी घरात तिच्यासाठी कद्दीश, म्हणजे गेलेल्यांसाठीची प्रार्थना, म्हणायची आहे, आणि आम्हा बेने इस्रायली ज्यूंना त्यासाठी दहा पुरुष एकत्र लागतात. नऊ असले तर नुसतं बसून रडता येतं, कद्दीश म्हणता येत नाही. आपली माणसं सगळी लंडनभर विखुरलेली. त्या दिवशी असाच बर्फ पडला तर त्यांना स्टेशनवरून आणायचं कोणी? मिसेस कॉलिन्सनी?

रविवार, २० डिसेंबर

पुण्याचा उदय दोन गल्ल्या सोडून राहतो. कॉम्प्युटरवाला आहे, आणि तीन वर्षं म्युनिकला काढून आला आहे. त्याला गुलाबांची हकिकत सांगितली तर म्हणाला, "काका, तुमच्या गाडीत काही खोट नाही. तुम्ही तिला बर्फात चपला घालून पाठवताय."

मग त्याने मला एक तास शिकवलं. आपले नेहमीचे टायर सात डिग्रीच्या खाली कडक होतात, रस्त्याला धरतच नाहीत. विंटर टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्यावर शेकडो बारीक चिरा असतात, त्या बर्फ पकडून ठेवतात. बाजूला डोंगर आणि हिमकण असं चित्र असतं, ते बघूनच घ्यायचे. जर्मनीत म्हणे सगळेच बदलतात. बासष्ट वर्षांचा झालो, पस्तीस वर्षं या देशात गाडी चालवली, आणि मला हे कोणी सांगितलं नव्हतं!

तोवरचा उपाय म्हणून डिकीत वीस किलोची तांदळाची दोन पोती ठेवली. मागच्या चाकांवर वजन पडलं की पकड येते. ड्राइव्ह चढली! अर्धीच चढली, पण चढली. मग डेबोराला पुलावासाठी तांदूळ हवा झाला आणि प्रयोग संपला.

बुधवार, २३ डिसेंबर

आज दोन विंटर टायर बसवले.

सोमवारी सगळ्या बकिंगहॅमशरमध्ये लोक गाड्या रस्त्यात टाकून चालत घरी गेले, तेव्हापासून टायर मिळेनासे झालेत. शेवटी आपल्याच इस्टेटमधल्या एका सरदारजींकडे मिळाले. विमा कंपनीला फोन केला तर तिथल्या मुलीने विचारलं, हे मॉडिफिकेशन आहे का. मी म्हटलं, बाई, टायरच्या जागी टायरच बसवतोय.

उदय म्हणाला, "काका, चारही बदला." सरदारजीही तेच म्हणाले. मी म्हटलं, ओढतात कोण? मागची दोन. मग पुढच्या दोघांना कशाला नवे कपडे? एकतीस वर्षांच्या क्वालिटी कंट्रोलपुढे दोघांनी हात टेकले.

आणि काय सांगू! ड्राइव्हवर अजून घट्ट बर्फ होता. दुसरा गियर, क्लच अगदी अलगद, आणि गाडी अशी वर आली की जणू काही घडलंच नव्हतं. मी तीनदा खाली नेली आणि तीनदा वर आणली. डेबोरा खिडकीतून बघत होती. टाळ्या वाजवल्या नाहीत, पण पडदाही ओढला नाही.

गुरुवार, २४ डिसेंबर

लिहायला लाज वाटते, पण खोटं लिहायचं तर वही कशाला.

आज कोपऱ्यावर वळताना स्टीअरिंग फिरवलं आणि गाडी सरळच गेली. मागची चाकं जोरात ढकलतायत, पुढची वळायला तयार नाहीत. ब्रेक दाबला तर पुढचा भाग साबणासारखा घसरत जाऊन कौन्सिलच्या हिरव्या कचरापेटीवर आदळला. वेग दहाचा होता, म्हणून गाडीला काही झालं नाही. पेटीचं झाकण गेलं.

उदय आला, बघितलं, मोडकं झाकण उचलून बाजूला ठेवलं. हाच त्याचा मोठेपणा. मीच म्हटलं, "चार." तो म्हणाला, "चार. आणि काका, अरुंद घ्या. सतरा इंचाच्या रिमवर. रुंद टायर बर्फावर तरंगतात, अरुंद आत रुतून पकडतात."

मंगळवार, २९ डिसेंबर

झालं! चारही बसले. सरदारजींनी पहिले दोन परत घेतले, पण मला खुर्चीत बसवून सगळ्या गिऱ्हाइकांसमोर ती कचरापेटीची गोष्ट सांगायला लावली. फिटिंग मात्र मी उभा राहून बघितलं. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तो चारही चाकांवर तपासला. बोल्ट आधी हाताने, मग जोर मोजणाऱ्या टॉर्क रेंचने आडवेतिडवे. पन्नास मैलांनंतर परत येऊन आवळून घ्यायचे. सरदारजी म्हणाले, "अंकलजी, तुम्ही इथे नोकरीला या."

गाडी जरा बुटकी आणि साधी दिसते, लग्नात बूट काढून वहाणा घातलेल्या नवरदेवासारखी. पण आता माझ्याकडे चार आहेत.

आणि बर्फ? सगळा वितळला! दिवसभर पाऊस. मी दर तासाला खिडकीशी. डेबोरा म्हणते, "सगळा देश बर्फ जावा म्हणून देवाला आळवतोय, आणि तुम्ही एकटे उलटं मागताय."

रविवार, ३ जानेवारी २०१०

आपल्यात माणसं मोजत नाहीत, दृष्ट लागते म्हणतात. म्हणून मी कागदावर नावं लिहिली. नावं मोजायला हरकत नाही. लंडनहून ट्रेनने येणारे आठ, त्यांत ईलिंगचे बेंजामिनकाका सगळ्यांत वडील. आणि आमचा इथन. नऊ. तीन दिवस फोन करतोय, दहावा मिळत नाही. एक इस्रायलला गेलाय, एकाचं गुडघ्याचं ऑपरेशन, एक म्हणाला "बघतो", म्हणजे नाहीच.

डेबोरा पोळ्या लाटत होती. कागद बघितला, कागदाकडे जरा जास्तच वेळ बघितलं, आणि म्हणाली, "अजून एक हवा होय? मग दादांनाच आणा की."

दादा म्हणजे हनोक, माझा थोरला भाऊ. हाय विकमला टेकडीवर एकटा राहतो. वहिनी गेल्याला सहा वर्षं झाली. इथून पंधरा मैल. गेलं वर्षभर मी त्याच्याशी बोललेलो नाही.

कारण लिहूनच टाकतो. गेल्या जानेवारीत आई ठाण्याला आजारी होती, दादा तिच्यापाशी होता. शुक्रवारी पहाटे ती गेली. मी दादाला सांगितलं, विमानात बसतोय, माझ्यासाठी थांब. थांबला नाही. मी संध्याकाळी साडेसातला मुंबईत उतरलो तेव्हा आईला माती देऊन झाली होती. मला तिचा चेहरा दिसला नाही. शुक्रवार होता, सूर्य मावळला की शब्बाथ, मग रविवारपर्यंत दफन नाही, हे सगळं मला ठाऊक आहे. मला शास्त्र शिकवू नये. मोठा भाऊ होता, थांबायला हवं होतं.

डेबोराला म्हटलं, "दुसरा कोणीतरी दहावा आठवून बघ." ती म्हणाली, "माझ्या माहितीत तरी दुसरा कोणी नाही हो." आणि पोळीला तूप लावायला लागली.

मंगळवार, ५ जानेवारी

पडतोय! संध्याकाळी पाचपासून पडतोय, आणि थांबायचं नाव नाही. हवामानवाले म्हणतात उद्या एक फूट. मी चारदा बाहेर जाऊन पट्टीने मोजला. साडेआठला साडेतीन इंच. मला नाचावंसं वाटतंय.

बेंजामिनकाकांचा फोन आला. "राफाएल, बसेस बंद होणार म्हणतात. जमेल का रे?" मी म्हटलं, "काका, तुम्ही फक्त स्लाऊ स्टेशनवर उतरा. पुढचं माझ्या टायरवर सोडा." आठही जणांना तसंच सांगितलं. ट्रेन चालू राहिल्या तर सगळे येतील. तिथी उद्या सूर्य मावळेपर्यंतच आहे, आणि सूर्य चार वाजून नऊ मिनिटांनी मावळतो. त्याच्या आत व्हायला हवं, नाहीतर आईचं पहिलं वर्ष तसंच गेलं.

दहावा अजून नाही. डेबोरा म्हणाली, "विकमचा तो चढ उद्या कोणाच्या बापाला चढता येणार नाही."

"का नाही? हे टायर चढतील."

"छे. एवढा उभा चढ? बीबीसीवर सांगितलं, मीठ टाकणाऱ्या ग्रिटिंगच्या गाड्यासुद्धा अडकतायत."

आता टायरमधलं हिला काय कळतं! मी चिडून म्हटलं, "उद्या जाऊन दाखवतो." दादासाठी नाही. आईला दहा माणसं हवीत म्हणून, आणि टायरची अब्रू म्हणून. हिने उगाच आमच्या एलियाहू हन्नाबी संदेष्ट्याला मलिद्याचा नवसही बोललाय. नवस कसला विचारलं तर म्हणाली, "तुमच्या टायरचा."

बुधवार, ६ जानेवारी

सगळं क्रमाने लिहितो.

सकाळी गाडीवर एक फूट बर्फ. आदल्या रात्रीच येऊन राहिलेल्या इथनने आणि मी फावड्याने ती उकरून काढली. माझ्या गाडीत चार सीट, म्हणजे खेपेला तिघे. स्टेशनवरून घर दोन मैल. बसेस बंद, टॅक्स्या बंद, रस्त्यात गाड्या कशाही सोडलेल्या. आणि त्यातून माझी लाल बाई चाललेली, दुसऱ्या गियरमध्ये, पाय मांजरासारखा हलका ठेवून. पहिल्या खेपेला बेंजामिनकाका पुढे बसून डोळे मिटून शमाची प्रार्थना म्हणत होते. कोपरा वळल्यावर एक डोळा उघडला. "अरे, ही तर वळते!" वळणारच. चार आहेत काका, चार.

तीन, तीन, दोन. दीड वाजता शेवटचे दोघे दारात उतरवले आणि आत पाऊलही न टाकता तसाच विकमकडे निघालो. डेबोराने थर्मास, फावडं आणि ब्लँकेट आधीच मागच्या सीटवर टाकलं होतं. "जा. सावकाश या," म्हणाली. सावकाश कसला? सूर्य काय आमच्या घरचा आहे?

तो चढ! खाली एक डिलिव्हरी व्हॅन आडवी, एक मर्सिडीज कुंपणात, माणसं हात वर करून मला परत जा म्हणून खुणावतायत. मी खालीच थांबलो, वरून कोणी येत नाही ना बघितलं. चढावर एकदा थांबलो की संपलं. चाक घसरताच इंजिनाचा जोर तोडणारा ट्रॅक्शन कंट्रोल बंद केला, उदयने सांगितलं होतं तसं, आणि दुसऱ्या गियरमध्ये एका लयीत सुटलो. मध्यावर मागचा भाग किंचित हलला, मी पाय जरा उचलला, टायरांनी बर्फ धरला, आणि वर! मी एकटाच गाडीत ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही.

दादाचं दार वाजवायची वेळच आली नाही. त्याने आधीच उघडलं. कोट, मफलर, टोपी, बगलेत प्रार्थनेचं पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत. एका वर्षात किती वाळलाय.

"बारापासून बूट घालून बसलोय," म्हणाला.

"तुला कोणी सांगितलं?"

"काल डेबोराचा फोन होता. म्हणाली, तो येईल."

आगाऊ बाई. मी येईन की नाही हे मलाच रात्री आठला ठरवायला लागलं, आणि हिने आधीच सांगून टाकलं.

उतरताना मी ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावला नाही. पहिल्या गियरवर इंजिनच गाडी धरून ठेवतं. दादा दाराची मूठ पकडून बसला होता. अर्धा उतार झाल्यावर गाडीतलं त्याचं पहिलं बोलणं आलं.

"टायर वेगळे दिसतायत."

"विंटरचे."

"चारही?"

"चारही."

"हां. चारही हवेत," म्हणाला. याला कुठून कळलं देव जाणे.

बीकन्सफील्डला ट्रक आडवा पडला होता, मैलभर रांग. तीन वाजून पाच मिनिटं. मी गाडी वळवून फार्नहम कॉमनच्या मागच्या गल्लीत घातली. तिथे सकाळपासून चाक गेलेलं नव्हतं. दोन्ही बाजूंना बीचची झाडं, खाली अस्पर्श पांढरा बर्फ, आणि आमच्या टायरांचा तो करकर आवाज. एवढ्या घाईतही मला इतकं सुख झालं की मी दादाला म्हणालो, "ऐक, ऐक." त्याने खिडकी खाली करून ऐकलं.

ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं तसा माझा जीव वरखाली व्हायला लागला. दादा म्हणाला, "हळू चालव. थांबतील ते."

"ते थांबतील रे, सूर्य थांबणार आहे का? कोणासाठी थांबलाय तो!"

दादा बाहेर बघत राहिला. का ते सांगता येत नाही, पण मी वेग जरा कमी केला.

तीन पंचावन्नला दारात. आत सगळे कोट घालून उभे, कोणी खुर्चीत नाही. मी ओरडलो, "आणला दहावा! सुरू का नाही केलंत तयारी?"

बेंजामिनकाका म्हणाले, "कशी करणार? तू गेलास आणि आम्ही नऊ उरलो. अडीच तास तुझी वाट बघतोय."

"नऊच तर होते! म्हणून तर दादाला..."

"बाबा रे, तू कोण? तू पुरुष नाहीस?"

एकतीस वर्षं पाकिटं मोजली. आठ पाहुणे, नववा इथन. आणि दहावा मी. आम्ही दीड वाजताच दहा होतो. मीच उठून बर्फात निघून गेलो आणि आईची कद्दीश अडवून ठेवली! मी डेबोराकडे बघितलं. ती मलिद्याच्या पोह्यांवर खोबरं पसरत होती.

"तुला माहीत होतं?"

"मी कुठे मोजते," ती म्हणाली. "माणसं मोजायची नसतात ना आपल्यात."

भांडायला वेळ नव्हता. खिडकीत अजून ऊन होतं. दादा माझ्या उजव्या हाताला उभा राहिला. कद्दीश दोन्ही मुलांनी बरोबर म्हणायची, म्हणून आम्ही बरोबर सुरू केली. मधल्या एका ओळीला मी अडखळलो. दादाने थांबून मला गाठू दिलं, आणि मग दोघांनी पुढची ओळ म्हटली. मी सगळ्यांसमोर रडलो आणि मला त्याचं काहीही वाटलं नाही. आमेन म्हटलं तेव्हा चार वाजून सहा मिनिटं झाली होती.

गुरुवार, ७ जानेवारी

लंडनच्या मंडळींना सकाळी स्टेशनवर सोडलं. रात्री आमच्याकडे सगळे चटयांवर आणि सोफ्यांवर झोपले होते, घोरण्याचं संमेलनच. बेंजामिनकाका उतरताना गाडीच्या टपावर थाप मारून गेले.

दादा राहिला. संध्याकाळी चहा घेताना त्याने स्वतःच विषय काढला. कपाकडे बघत बोलला. "त्या दिवशी बारालाच सगळे तयार होते. मी म्हटलं, राफाएल येतोय. साडेपाचपर्यंत धरून ठेवलं त्यांना. मग कबर खणणारे निघायला लागले. सूर्य कब्रस्तानाच्या भिंतीवर आला होता रे."

मला वाटत होतं बाराला उरकलं. वर्षभर मी तसंच समजत होतो. मी विचारलंच नव्हतं.

"तू का नाही सांगितलंस?"

"तू फोन कुठे उचलत होतास."

मी उठून त्याच्या कपात अजून चहा ओतला. तो नको म्हणत होता तरी ओतला.

शुक्रवार, ८ जानेवारी

दादा अकराच्या सुमाराला कोट घालून, पुस्तकाची पिशवी घेऊन खाली आला. "चल, सोड मला. शब्बाथच्या आत घरी पोचतो. तुझे टायर आहेतच."

मी खिडकीतून बाहेर बघितलं. कौन्सिलने मीठ टाकून रस्ता काळाभोर केला होता. पोस्टमन सायकलवरून शीळ घालत गेला.

"नाही जमायचं," मी म्हणालो. "असल्या रस्त्यावर हे टायर चालत नाहीत."

दादाने रस्त्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग सावकाश कोटाची बटणं सोडायला लागला.